स्रेच्कोकाकांच्या बेडकांची पोटं

तीर्थरूप विदा आत्यास गाश्पेरचा नमस्कार.

पत्राला उशीर झाला. टपालपेटी लांब आहे असं सांगणार होतो, पण ती फाटकासमोरच आहे हे तुला ठाऊक, तेव्हा कबूल करतो, टाळत होतो. तुझा गुडघा कसा आहे? खुबा बदलून तुझ्याकडे आराम करायला आलेले आपले स्रेच्कोकाका तुला आराम करू देतात का?

जाताना त्यांनी अंगणातल्या जाळीच्या कुंपणातले अकरा पिवळ्या पोटाचे बेडूक माझ्या हवाली केले. म्हणाले, "परत येईन तेव्हा सगळे जागेवर दिसले तर माळ्यावरची खोली तुझी. नाहीतर, पेटर, तू आणि तुझी पिशवी." (पेटर माझा भाऊ. मी तीन वर्षं भटकत होतो, म्हणून काय नाव विसरायचं?) आत्या, मला ती खोली हवी आहे. बंदरावर, द्राक्षमळ्यात, एकदा तर सर्कशीच्या गाडीत उंटाशेजारी (तो उंट मोठा अहंकारी होता, पण ते राहू दे) झोपून झालंय.

शनिवारी सगळं गाव अंगण झाडतं, मीही झाडलं. शेजारची तोन्च्का कुंपणावर कोपरं टेकून म्हणाली, "आणि बेडकांच्या डबक्यातला तो चिखल रे? उद्या चर्चहून येणारे सगळे बघतील." म्हणून डबकं घासलं, नळाचं स्वच्छ पाणी भरलं, आत उतरायला घेतलेली फळी तशीच जाळीला टेकवून जेवायला गेलो. या जातीला चिखलच लागतो हे मला कोणी सांगितलं होतं? अकराही जण फळीवरून चालते झाले. तोन्च्का म्हणते, "स्वच्छ घरातून पळणारे आजवर मी नवरेच पाहिले होते."

तीन दिवस जंगलवाटेवर, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांत पालथा पडून मोजून अकरा पकडले. खूश होतो. मग काकांची वही सापडली. तीत प्रत्येक बेडकाचं पोट ठिपक्या-ठिपक्यानिशी रंगवलेलं, खाली नाव. माझे अकराही उलटे करून पाहिले, एक जुळेल तर शपथ. सख्ख्या पुतण्याचं नाव आठवत नाही त्या माणसाला, पण फ्रान्त्स्काच्या बेंबीपाशी तीन ठिपके आहेत हे पाठ.

तुझा,
गाश्पेर

ता. क. खरं सांगायचं ते हे की काकांना अजून दहा दिवस अडकवून ठेव. बस बंद आहे म्हण, डॉक्टर रागावलेत म्हण, काहीही म्हण.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तोच फाटकाशी तोन्च्काच्या जावयाचा ट्रॅक्टर थांबला. वर कुबड्यांसकट काका. तुला न सांगताच निघाले म्हणे. आता डबक्याशी बसलेत, चष्मा लावून पहिला बेडूक उलटा केलाय. दुसराही केला. आत्या, त्यांना अडकवायचं राहू दे. तुझ्याकडची त्यांची खाट मात्र आवरू नकोस, मी निघालोय.