माझं नाव हिला नको

१७ फेब्रुवारी, रविवार

टोपली परत आली! पाव, चॉकलेटच्या वड्या, वर झाकलेला नवा कोरा रुमाल, सगळं जसंच्या तसं. सासूनं हातसुद्धा लावला नाही. "माझं नाव हिला नको," म्हणाली आणि उठून कोंबड्यांना मका टाकायला गेली.

यांच्या डोंगरातल्या किचे लोकांत पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव जातं. ते आजीकडे जाऊन मागायचं, रिकाम्या हातानं नाही. आजीनं टोपली ठेवून घेतली की नाव मिळालं. मग ती पोरीला 'माझी बदली' म्हणते, कडेवर घेऊन गल्लीभर मिरवते. इथली कुठलीही म्हातारी या दिवसाची वाट बघत असते. आमचीच तेवढी नाही! आणि हे आत्येसासूच्या देखत. आत्येसासू माझ्याकडे अशी बघत होती, जणू पोर मी कुठून चोरून आणलीय.

टोपली न्यायची घाई माझीच होती म्हणा. सान्तोस म्हणत होता, "थोडं थांबू या." का थांबायचं ते मात्र सांगितलं नाही. टोपली परत आली तसा मागावर जाऊन बसला. खटखट, खटखट. लग्न माझं त्या मागाशीच लागलंय बहुतेक.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

कारण मला माहीत आहे. मी किनाऱ्याकडची. यांची भाषा मला अर्धीमुर्धी येते, यांच्यासारखं नेसणं मला जमत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी गल्लीत मी अजून 'ती खालची'. सासूचं नाव मिकाएला; खालचीची पोर मिकाएला कशी होईल? बाटेल ना नाव!

माझं स्वतःचं नाव तेलेस्फोरा. आमच्या आईनं सगळ्या पोरांची नावं भिंतीवरच्या कॅलेंडरातून काढली. ज्या दिवशी पोर झालं त्या दिवसाचा संत. पान फाडलं, नाव वाचलं, ठेवून दिलं. त्याच कॅलेंडराच्या मागे दुधाचा हिशोब. माझ्या नावाचा अर्थ मी पुढे धंद्यासाठी शोधला. मूळ ग्रीक, अर्थ 'शेवटास नेणारी'. काय नेलं शेवटाला मी? बाजारातली टोपली सासूपर्यंत नेली, तीही परत आली.

माझं नाव कुणाकडून आलेलं नाही. मी कुणाची बदली नाही. मी मेले तर या गावात माझ्या नावाची कुणी उरणार नाही. माझ्या पोरीचं तसं होऊ नये, तिला तरी इथं कुणीतरी आपली म्हणावं, एवढंच मला हवं होतं. फार मागितलं का?

२४ फेब्रुवारी, रविवार

पार्कात ठेला लावला. पोर पाठीला बांधलेली. गिऱ्हाईक बरं होतं.

धंदा सोपा आहे. माणूस नाव सांगतं, मी जाड कागदावर वळणदार अक्षरात ते लिहिते, कोपऱ्यात फूल काढते, खाली मूळ आणि अर्थ. दहा केत्सालला एक कार्ड. पुस्तकात बघायची गरज आता फारशी पडत नाही. फातिमा, अरबी, अंगावरचं दूध तोडणारी. उर्सुला, लॅटिन, छोटं अस्वल. नायेली, सापोतेक, माझं तुझ्यावर प्रेम आहे. सगळ्या जगाची नावं या एका पार्कात फिरतात, आणि कुणालाच आपण काय नाव घेऊन फिरतोय हे ठाऊक नसतं. ठाऊक नसतं तेच बरं. आज एक क्लाउदिया आली, उंच टाचांचे बूट, सोबत नवा नवा प्रियकर. क्लाउदिया म्हणजे लंगडी. मी लिहिलं, 'ठाम पावलांची'. दोघं खूश! एका बापाला ब्रायान हवा होता. त्याचा अर्थ पुस्तकवाल्यांनाही धड माहीत नाही. मी लिहिलं 'उंच, थोर'. बाप स्वतः माझ्या खांद्याला लागत होता. खरं सांगितलं तर कुणी दहा सेंटाव्होही देणार नाही.

शेजारी शेंगदाणेवाली एन्रिकेता बसते. तिनं पाठीवरच्या पोरीचा गालगुच्चा घेतला. "काय गं तेले, हिचं कार्ड कधी काढणार?"

"ठरायचंय अजून."

"ठरायचं काय त्यात? आजीचंच ना?"

मी फुलाला रंग देत बसले. ती सोडते थोडीच! "नाही दिलं वाटतं म्हातारीनं? अगं बाई! जगाला नावं वाटतेस आणि घरात दुष्काळ?"

हसली. आजूबाजूचे चारजण हसले. मीही हसले, नाइलाजानं.

३ मार्च, रविवार

सान्तोसला नावं वाचून दाखवली. आउरेलिया, सोनेरी. इरेने, शांती. "कुठलंही ठेव," म्हणाला. कुठलंही! कॅलेंडरच आणते मग, म्हटलं.

त्याचा मोठा भाऊ फिदेल बायकोला घेऊन उत्तरेला निघून गेला. मी या घरात आले त्याच्या आधीच. आईला कधी फोन करत नाही. मला पूर्वी त्याचा राग यायचा. आता वाटतं, अशी आई असल्यावर कोण करील!

७ मार्च, गुरुवार

केलं! नोंदणीच्या कचेरीत एकटीच गेले. खिडकीतल्या बाईनं विचारलं, "मुलीचं नाव?"

"मिकाएला."

अजिबात चाचरले नाही. नाव काय तिच्या पेटीत कुलूप लावून ठेवलंय? मूळ हिब्रू. अर्थ, 'देवासारखं कोण आहे?' कोणी नाही, पण म्हातारीला वाटतं आपण आहोत.

घरी आले. ती अंगणात मका निवडत होती. तिला वाचता येत नाही, म्हणून दाखला तिच्यासमोर धरून मोठ्यानं वाचला. मग पोरीला म्हटलं, "चला मिकाएलाबाई, दूध प्या! मिकाएला, रडू नको गं! मिकाएला, आजीला हात कर!" या घरात ते नाव कुणी उच्चारत नाही. तिला सगळे आई म्हणतात, नाहीतर आजी. आज अंगणभर ते नाव केलं मी.

तिच्या हातातलं सूप पडलं. दाणे सगळीकडे. मला वाटलं आता तोंड सुटेल तिचं, आणि मी तयारीत होते. पण नाही. पोरीकडे बघत राहिली आणि मग आत गेली. दाणे कोंबड्यांनी खाल्ले.

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.

१० मार्च, रविवार

जेवायला आमच्यात बसत नाही. पोरीला घेत नाही. पोर तिला बघून हसते, हात पुढे करते, तर ती तोंड फिरवते. एवढ्याशा जिवाशी वैर! दगड बरा.

१३ मार्च, बुधवार

अंथरूण उचलून मक्याच्या कोठीत झोपायला गेली. जा!

१५ मार्च, शुक्रवार

रोज पहाटे कुठेतरी जाते. डोक्यावरून शाल, हातात फडकं. विचारलं तर शाल पुढे ओढून घेते.

१७ मार्च, रविवार

पोरीचं लाल टोपडं सापडत नाही. दृष्ट लागू नये म्हणून घालतात ते. सगळं घर पालथं घातलं. कोठीत गेले तर तिच्या अंथरुणाखाली मेणबत्त्या, पांढऱ्या आणि काळ्या, आणि धुपाचे खडे. टोपडं नव्हतं.

आत्येसासूला विचारलं. ती म्हणाली, "डोंगरावर जाते ती. जुन्या पूजेच्या दगडांपाशी."

"कशाला?"

"ते तिचं ती जाणे. मी नाही बाई त्यात पडत."

काळ्या मेणबत्त्या आणि माझ्या लेकराचं टोपडं! ही बाई माझ्या पोरीचं काहीतरी करतेय. एका नावासाठी! आज ठेला लावलाच नाही. पोरीला छातीशी धरून बसले.

१८ मार्च, सोमवार

संध्याकाळी सान्तोसच्या मागासमोर जाऊन उभी राहिले. धोटा हातातून हिसकावून घेतला. म्हटलं, "तुझी आई माझ्या पोरीवर करणी करतेय. उद्या मी हिला घेऊन किनाऱ्याला जाते. तू बस विणत."

तो मागावरून उठला. मग म्हणाला, "आधी एक मिकाएला होती."

फिदेलची मुलगी. पहिली नात. आईनं तेव्हा टोपली दोन्ही हातांनी घेतली होती, गल्लीत सगळ्यांना पाव वाटला होता. पोरीला खाली म्हणून ठेवायची नाही. बाजारात जो भेटेल त्याला, "ही बघा माझी बदली!" पोर चालायला लागली आणि त्या वर्षी घरात ताप आला. आधी आईला. इतका की पाद्री येऊन शेवटचं तेल लावून गेला, शवपेटी सांगून ठेवली होती. मग पोरीला आला. एका सकाळी आई उठून बसली, पाणी मागितलं. त्याच सकाळी पोर गेली.

"फिदेल तिला सगळ्यांसमोर म्हणाला," सान्तोस सांगत होता, "पूर्वज न्यायला आले होते ते तुला. हाक तुझीच होती. ओ तिनं दिली. मग गेला निघून. या घरात ते नाव पुन्हा काढायचं नाही, म्हणाला."

"आणि तू मला हे आज सांगतोस?"

"मला वाटलं होतं, आई नाही म्हणेल आणि विषय संपेल."

विषय संपेल! नाही म्हणणं तिच्यावर ढकललं, रागावणं माझ्यावर, आणि हा आपला विणत बसला. मी धोटा फेकून दिला. माग फोडला नाही एवढंच.

२० मार्च, बुधवार

माझा नाही असल्या गोष्टींवर विश्वास. ताप आला, औषध वेळेवर मिळालं नाही, पोर गेली. गरिबाघरी असं होतं, त्याला नाव कशाला लागतं? नावांचा धंदा मी करते. अर्थ निम्मे मीच बनवते. त्यात काही नसतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

तरी आज पोर शिंकली तेव्हा मी तिला नावानं हाक मारली नाही.

दाखल्यावर नाव बदलता येतं का, विचारून आले. कोर्टाची भानगड आहे, वकील लागतो. ईस्टरला बाप्तिस्मा आहे, तिथंही हेच नाव पुकारणार. मी माझ्या हातानं ते तिच्या गळ्यात बांधलं, आणि कशासाठी? एन्रिकेता हसली म्हणून! टोपली परत आली म्हणून!

म्हातारीचाही संताप येतो. तोंड होतं ना? "माझं नाव हिला नको" याच्यापुढे चार शब्द बोलली असती तर? पण या घरात सगळ्यांनी तोंडं शिवून ठेवलीत, आणि मी बाहेरची, मला फक्त बंद दारं दिसली. तिनं तोंड फिरवलं तेही मला दुष्टपणाच वाटलं.

कोठीपाशी गेले होते. आत खोकत होती. दार वाजवायला हात उचलला आणि खाली घेतला. काय बोलायचं असतं अशा वेळी?

२४ मार्च, झावळ्यांचा रविवार

ईस्टर आठवड्यावर आलाय, पार्कात आज पाय ठेवायला जागा नव्हती. मान वर केली तर गिऱ्हाइकाच्या स्टुलावर सासू! माझ्या ठेल्यावर ती पहिल्यांदाच आली. फडक्यातून लाल टोपडं काढून पुढ्यात ठेवलं.

"डोंगरावर दाखवून आणलं," म्हणाली. "सांगितलं पूर्वजांना, मिकाएला आता ही. हे बघा एवढंसं डोकं आहे हिचं, हिला ओळखून ठेवा, हिच्या वाटेला जायचं नाही. म्हातारी वेगळी." मग टोपडं माझ्याकडे सरकवून, "आता मला एक नाव दे."

"तुम्हाला, आई?"

"न्यायला येतील तेव्हा हाक कुठली मारतील? या वेळी मी नीट सापडले पाहिजे. सोपं दे. घरात दुसऱ्या कुणाचं नको."

पुस्तक उघडलं नाही. "सोइला," म्हटलं. तिनं ते दोनदा पुटपुटून बघितलं.

"अर्थ काय त्याचा?"

कार्डावर फूल काढलं. मूळ ग्रीक. अर्थ लिहिला, 'जीवन'. तिला वाचता कुठे येतं!

"म्हातारी बाई," मी सांगितलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली, आणि पोरीला घ्यायला हात पुढे केले.