पेटीला दिलेला खांदा

प्रिय एमिल साहेब,

तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं, आणि आता तर वाचायला तुम्हीच राहिला नाहीत. म्हणजे भाषेची अडचण मिटलीच. तेव्हा मी माझ्या मराठीतच लिहितो. तुमचा साउंडवाला जाक परवा शारजाच्या विमानतळावर काही तास थांबला होता. त्याने मला मुद्दाम बोलावून सांगितलं, की तुम्ही गेलात. आणि काल मी तुम्हाला न विचारता तुमचा एक सीन दुबईत लावला. तो कसा चालला, हे तुम्हाला कळवायला नको?

मी जहाज एजंटाच्या ऑफिसातला कारकून. इंग्रजी, हिंदी आणि कामापुरती अरबी येते म्हणून मला दुभाष्या करून तुमच्याकडे पाठवलं होतं. विनोदी पिक्चर काढणारा फ्रेंच डायरेक्टर म्हणजे मोठा गमत्या असणार, अशी माझी समजूत. तुमचा चेहरा मात्र दाढ दुखणाऱ्या माणसाचा होता!

खाडीच्या काठावर चहा पिताना तुम्ही तुमची सगळी कथा सांगितलीत. वडील लहानशा गावात न्हावी. तोंडाला फेस लावून बसलेली मोठमोठी माणसं बघत तुम्ही वाढलात. पॅरिसला जाऊन आधी फिल्म कापायला आणि जोडायला शिकलात, मग स्वतःचं पहिलं पिक्चर काढलंत आणि त्याने धमाल उडवून दिली. नंतर आणखी तीन चालली. मग लोकांची आवड फिरली आणि लागोपाठ दोन आपटली. वाळवंटातलं हे पिक्चर म्हणजे शेवटचा डाव होता. तो फसला असता, तर पुन्हा कुणी तुम्हाला पैसे देणार नव्हतं.

तुम्ही मला एक गोष्ट शिकवलीत. माणूस पडला म्हणून हसायचं नाही. पडल्यावर आपल्याला लागलंय का हे न बघता तो आधी टोपी उचलतो, तिथे हसायचं. मी हे घरी बायकोला पत्रातून कळवलं होतं. तिने उलट विचारलं, की असल्या कामाचा पगार मिळतो का!

आता त्या दिवसाचं. कॅमेरा सरकवायचे लोखंडी रूळ मुंबईहून जहाजाने आले, माणसाच्या उंचीच्या लाकडी पेटीतून. वाळू उडत होती म्हणून तुम्ही पेटीवर पांढरी चादर टाकायला लावलीत. चार हमालांनी ती खांद्यावर घेतली आणि दुबईतल्या देऱ्याच्या बाजारातून निघाले. मी बंदरात कागदांवर शिक्का मारून घ्यायला मागे थांबलो. मी बरोबर असतो, तर पुढचं काही घडलंच नसतं.

आम्हा मुसलमानांत रस्त्याने जनाजा, म्हणजे अंत्ययात्रा, दिसला, की ओळख असो नसो, माणूस हातातलं काम टाकून चार पावलं खांदा देतो. त्यात सवाब आहे, पुण्य आहे. पांढऱ्या चादरीखालची लांब पेटी बघून आधी कापडवाला उठला. मग रोटीवाला गुलाम, पिठाच्या हातांनीच. खांदे बदलत गेले. मूळचे हमाल सुटले ते सुटलेच. फुकटात ओझं उतरल्यावर कोण तोंड उघडतो? आणि आता पेटी कुठे न्यायची, हे पुढच्यांना ठाऊक नव्हतं. जनाजा जातो तिकडे, म्हणजे कबरस्तानाकडे, ते वळले.

मी धावत आलो तेव्हा कलमा पढत शंभरेक माणसं चालली होती आणि मागे तुम्ही, हॅट हातात घेऊन. एका म्हाताऱ्याने तुमचा हात धरला होता. "सब्र करो, बेटा," तो म्हणत होता. तुमचे डोळे भरून आले, आणि मग तर लोकांची खात्रीच पटली. साहेब, तुम्ही का रडलात? मी कधी विचारलं नाही.

पुढच्या खांद्याला आमच्याच गावचे हसनचाचा होते, गलबतावरचे जुने सारंग, खलाशांचे मुकादम. मी त्यांच्या कानात खरं सांगितलं. चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता त्यांनी हाक दिली, "आधी घरी न्या. घरचे बघतील." पेटी तुमच्या मुक्कामी उतरली. लोक दुआ मागून आपापल्या कामाला गेले.

संध्याकाळी तुम्ही चाचांकडे आलात. कॅमेऱ्यात काहीच आलं नव्हतं. हीच माणसं घेऊन हे पुन्हा करू या, म्हणालात. हा सीन मिळाला तर पिक्चर वाचेल. मी मराठीत सांगितलं.

"साहेबाला सांग," चाचा म्हणाले, "आज दिलेला खांदा माणसाला दिला. उद्या पुन्हा द्यायला लावलात, तर तो पेटीला होईल. लोकांनाही इतक्यात काही बोलू नका. त्यांना वाटेल, आपली टिंगल करायला आले."

मी ते इंग्रजीत सांगितलं. तुम्ही उठलात, चाचांचा हात हातात घेतलात आणि गेलात. पिक्चर त्या सीनशिवाय निघालं आणि आपटलं. नंतर तुम्ही टूथपेस्टच्या जाहिराती काढल्यात. मला राग आला होता. पॅरिसमध्ये नट घेऊन तो सीन करता आला नसता का? मी तसं लिहिलंही. तुमचं एका ओळीचं उत्तर आलं: नटांना पेटीत काय आहे ते माहीत असतं.

जाक म्हणाला, तुमच्या दफनाला फारसं कुणी नव्हतं. ते ऐकून मला बसवेना. काल चाचांना सांगितलं. ते म्हणाले, "आता सांग सगळ्यांना."

चहाच्या दुकानात कापडवाला होता, रोटीवाला गुलाम होता, त्या दिवशीचे आणखी सात-आठ जण होते. मी तुम्ही शिकवलंत तसं सांगितलं, स्वतः न हसता. मध्येच गुलामने विचारलं, "तो अंदर कौन था?"

"कोई नहीं. लोहे के रूल."

कापडवाल्याने मान खाली घातली. मग त्याचे खांदे हलायला लागले. "मी दुकान उघडं टाकून गेलो रे," तो कसाबसा म्हणाला, आणि तिथून जे सुरू झालं! गुलाम बाकावरून खाली बसला. चाचांना खोकला लागला. साहेब, इतकं हसताना मी दुबईत कुणाला बघितलेलं नाही.

डोळे पुसत गुलामने विचारलं, "और वो साहब? जो रो रहे थे?"

"गुज़र गए," मी म्हणालो. "जनाज़े में कोई नहीं था."

गुलामने डोक्यावरची टोपी सारखी केली.

"कैसे नहीं था? हम सब थे," तो म्हणाला. "दुआ भी माँगी थी. वो उन्हीं की हुई."

सगळ्यांनी दुआसाठी हात वर केले.

आता ही गोष्ट मी सांगत राहीन, एमिल साहेब. पदरचं काही घालणार नाही, आणि सांगताना आधी हसणार नाही, हा शब्द.

तुमचा दुभाष्या,
इस्माईल