वृत्तात बसलेलं घर

सोमवार

टक्, ठाक् ठाक्. टक्, ठाक् ठाक्. आमचे मास्तर टेबलावर छडी आपटून भुजंगप्रयात शिकवायचे तो आवाज: एक ठोका हलका, दोन जड. लघु, गुरू, गुरू. सगळा वर्ग डोलायचा. आज पहाटे तोच ऐकत जागा झालो, तर खिडकीबाहेर समुद्र आणि स्वयंपाकघरात ताई चहा गाळतेय! कालच तिच्याकडे कायमचा राहायला आलो. या वयात मन पोरासारखं उड्या मारतंय.

घर बैठं, पांढरं. दाराशी भाऊजींच्या चपला. होडी घेऊन गेले ते परतलेच नाहीत, त्याला जमाना झाला. ताई अजून रोज त्या चपला पुसते. घर विकायचं नाव काढलं की म्हणते, ते आले आणि दारावर दुसऱ्याचीच पाटी दिसली तर?

तिचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा भाचा, घरांची दलाली करतो आणि जागांच्या बातम्यांचं एक साप्ताहिक काढतो. त्यातला मजकूर सुधारायचं काम माझ्याकडे.

बुधवार

मजकूर कसला, उकिरडा! ‘समुद्राभिमुख सी-व्ह्यू बंगलो.’ एकाच घराला समुद्र दोनदा! ‘भाव कडाडले, आता नाही तर कधीच नाही’ ही मुख्य बातमी; मागच्या अंकातही हीच होती. भाच्याला ऱ्हस्व-दीर्घ सोडून बाकी सगळ्याची किंमत कळते. गिऱ्हाइकंही त्याच लायकीची. काळा चष्मा न काढता समुद्र बघतात आणि विचारतात, पार्किंग कुठे?

कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंच्या घराची जाहिरात मी वृत्तातच लिहिली:

समोरी समुद्री हवा गार वाहे
रिकामे असे हे, तुझी वाट पाहे

भाचा म्हणाला, अहो मामा, बाई आणि त्यांचे यजमान राहतायत की तिथे, त्यांनी नुसता भाव विचारला होता. मी म्हटलं, ‘रिकामे’ लघु-गुरू-गुरू आहे, चपखल बसतो. एका शिंपिणीसाठी वृत्त मोडू?

शनिवार

अंक निघाला. सुरेख दिसते माझी कविता.

संध्याकाळी कळलं, शिंपीणबाई आणि यजमान घरात नाहीत. दार सताड उघडं, मशीनच्या सुईखाली अर्धी बाही, यजमानांचा चष्मा ताटाशेजारी. शेजारी म्हणतात, गेली असतील लेकीकडे. चष्म्याशिवाय? भाचा मात्र खूश. म्हणे, मामा, तुमचा हात लागला की सोनं होतं!

पुढचा शनिवार

भाच्यानं मला न विचारता तीच कविता एका निवृत्त कारकुनाच्या घराला डकवली. समोर समुद्र नाही, गटार आहे! तेच सुनावायला मी त्या घरापर्यंत गेलो.

कारकून नाही, बायको नाही. कुत्र्याचा पट्टा साखळीला तसाच, बक्कल लावलेलं. आत कुत्रा नाही.

भाच्याला सांगितलं. हसला. म्हणाला, एका शब्दानं घरं रिकामी होत असती तर मी वकील कशाला पोसला असता? मग माझ्याकडे बघतच राहिला, पडीक जमिनीकडे बघतो तसा.

गुरुवार

छापखान्यात गेलो. पहिल्या पानावर माझी कविता, आणि खाली ताईच्या घराचा फोटो.

सख्ख्या आईचं घर! फोन केला तर म्हणतो, आई माझं ऐकत नाही, बघू तुमची कविता काय करते. नालायक. आणि वर ‘तुमची’ म्हणतो!

छापखानेवाला म्हणाला, मालकाला विचारल्याशिवाय जाहिरात काढता येणार नाही, तुम्ही नेहमीसारखा एखादा शब्द सुधारा हवं तर. ‘रिकामे असे हे’ खोडलं. वर लिहिलं, ‘तिथे ताइ आहे’; वृत्तासाठी ‘ई’ ऱ्हस्व केली. लघु-गुरू-गुरू, लघु-गुरू-गुरू. काय बसलं! पुढचं तसंच ठेवलं. यमक चांगलं होतं.

शनिवार

ताई आहे. उठल्या उठल्या तिचा हात धरून पाहिला. म्हणाली, म्हातारचळ लागला का रे तुला? किती हसलो मी.

चहा घेताना तिला अंक वाचून दाखवला. तिनं कप खाली ठेवला. म्हणाली, शेवटची ओळ परत वाच.

तिथे ताइ आहे, तुझी वाट पाहे.

तिनं केस विंचरले. चपला पुसल्या. दाराची कडी काढून ठेवली.

‘तुझी’ — म्हणजे कुणाची? मी हे काय लिहून —

दुपार

दार वाजतंय. टक्, ठाक् ठाक्. टक्, ठाक् ठाक्.

ताईला अडवलं — ऐकत नाही — उघडलं —

भाऊजी. गेले त्याच वयाचे. भाच्याहून लहान. पाणी निथळतंय — बोलायला तोंड उघडतात, वाळू पडते —

ताई लाजतेय. चपला पुढे केल्या — त्यांनी पाय घातले —

मला म्हणते, दार लावून घे, आम्ही निघतो — हात धरला तिचा — गार, ओला — ताई, कुठे —

उंबऱ्यावर नुसती वाळू — घर आता रिका