टँकरचा पाइप

गुडगाव, रविवार, १२ मे १९९६

गुडघे, कसे आहात? ठीक. डोळे? चालतंय. बायकोची, सकिनाची, शुगर आटोक्यात. मनाची तब्येत मात्र कालपासून बिघडलेली. सोसायटी उभी राहिल्यापासून सेक्रेटरी मी, काल माझ्या जागी शेजारच्या कुलकर्ण्यांच्या सुनेला, माधवीला निवडलं. राग आला. इथे कशाला लपवू?

सकाळी पाण्याचा टँकर आला. मी पेपर तोंडासमोर धरून बसलो.

सकिना म्हणाली, "सगळ्यांना खालिद बिन वलीदचे किस्से ऐकवता ना? खलिफांनी सेनापतिपद काढून घेतलं, तेव्हा ते तंबूत पेपर वाचत बसले होते का हो?"

एवढ्या लढाया जिंकलेला माणूस, पण नव्या सेनापतीच्या हाताखाली लढत राहिला. जुन्या पुस्तकांतून वाचून मीच तिला सांगितलेलं.

खाली गेलो. पाइप टाकीतून सारखा निसटत होता, माधवी चिंब, अर्धं पाणी रस्त्यावर.

"काका, आता तुम्हीच सांगा, काय करू?"

"सांगायचं तू. मी पाइप धरतो. आधी कुठली टाकी?"

ती हसली. "अच्छा! मग मागची. आणि काका, घट्ट धरा हं."

धरला. पायजमा भिजला, गुडघे कुरकुरले, पण पाइप सुटू दिला नाही.

वर आलो तर सकिना टॉवेल घेऊन दारात. "या, शिपाईसाहेब. चहा तयार आहे."

अल्लाचे केवढे उपकार, ही बाई माझ्या घरात आहे.

मना, आता कसं वाटतंय? लवकर कळव.