मुकादमाची दाढ

तीर्थस्वरूप भाऊजींना,

नमस्कार दोन. एक तुम्हांला, दुसरा ताईला. तिचा तिला द्यावा (मागचा पोचलाच नाही अशी तक्रार आहे). तुमचा गुडघा आता कसा आहे? इथे आईची तब्येत बरी, माझं पुस्तकबांधणीचं काम बरं. आमच्या कुत्र्याचं काय झालं ते मात्र सविस्तर लिहायला हवं.

मी कामाला बसलो की समोर बसून देखरेख करणारा हा मुकादम (नाव त्यावरूनच पडलं, तुम्हांला माहीत आहे). पंधरा दिवसांपूर्वी या सहा वर्षांच्या शहाण्या प्राण्याचं एकाएकी बिनसलं. मी बाहेरून आलो की दारात धिंगाणा घालणारा तो, आता भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. हिने डोक्यावरून हात फिरवला तर गुरगुरला. माझं म्हणणं, नवं पायपुसणं त्याला आवडलं नाही. हिचं म्हणणं, शेजारच्या मांजराचं आपण फार कौतुक करतो ते त्याच्या कानावर गेलं. यावर आम्ही दोन संध्याकाळी वाद घातला. कुत्र्याकडे बघायचं तेवढं राहिलं.

मग मंगळवारी तो आईच्या हातावर धावला. दात लागला नाही, पण आई मटकन खाली बसली आणि माझं डोकं फिरलं. मी त्याला जिन्याखाली बांधलं, दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला (तो आधीच बोलत नसल्यामुळे हे त्याच्या लक्षात आलं की नाही, शंका आहे). आई एकच सांगत होती, "अरे, माझा हात त्याच्या डाव्या गालाला लागला रे. तिथेच काहीतरी आहे." पण तिचं ऐकतो कोण! तुम्हीही फोनवर म्हणालात, कुत्रं एकदा उलटलं की उलटलं.

तिसऱ्या दिवशी त्याच्यापुढे ताटली ठेवली. तो घास उचलायचा, मान वाकडी करायचा, घास खाली पडायचा. पुन्हा उचलायचा. चार वेळा असं झालं, मग त्याने माझ्याकडे पाहिलं. भाऊजी, त्या बघण्यात राग नव्हता. मी अनवाणीच त्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

त्याने काय केलं हे बाईंनी विचारलंच नाही. कधीपासून, काय काय बदललं, कुठल्या बाजूने खातो, एवढंच विचारलं आणि हलकेच ओठ वर केला. डावी दाढ उभी चिरलेली, खाली पू.

"शहाणा कुत्रा उगाच चिडका होत नाही हो. दुखतंय त्याला," त्या म्हणाल्या. "ओरडलात का त्याच्यावर?"

मी म्हणालो, "जरासा." एवढं मोठं खोटं मी शाळा सोडल्यापासून बोललो नव्हतो.

दाढ काढली. चौथ्या दिवशी तो आपणहून आईजवळ गेला. तिने हात हलवला नाही; त्यानेच डावा गाल तिच्या तळव्यावर टेकला. मी पुठ्ठ्याला खळ लावत होतो. ते पुस्तक उलटं बांधलं गेलं.

तुमचा,
मेहुणा

ता. क. रविवारी टेम्पो आणू नये. मुकादमाला तुमच्या गोदामावर राखणीला द्यायचं मी रागाच्या भरात कबूल केलं होतं; ते शब्द परत घेतो.

आणखी एक ता. क. दाढ कशाने चिरली, असं बाईंनी विचारलं. मागच्या भेटीत तुम्ही त्याच्यासाठी प्रेमाने आणलेलं ते टणक हाड मी त्यांना नेऊन दाखवलं. कोणी आणलं ते सांगितलं नाही. ताईलाही सांगणार नाही. टेम्पोचं तेवढं बघा.