पिरंगुटचं तिकीट

आबा, काल माझ्या जावेचे वडील भुकूमला आले होते. "पौडला काम व्हतं, तसाच आलो फुडं," नातवाला मांडीवर घेत म्हणाले. काम कसलं ते मी विचारलं नाही. असली कामं मी ओळखते. त्यांना चहा दिला आणि आत जाऊन उगाच भांडी आदळली.

तुमचं काम म्हणजे सातबारा. धरणाकाठच्या आपल्या भातखाचरांचा उतारा आणायला तुम्ही दर थोड्या दिवसांनी मुळशीहून पौडला निघायचात आणि मी पाण्याची बाटली भरून द्यायचे. ताई लग्न होऊन पिरंगुटजवळ भऱ्याला गेली, तेव्हापासून घरात आपण दोघंच. तुम्ही गेलात की मला घर खायला उठायचं. म्हणून गावातल्या कंप्युटरच्या दुकानात कामाला लागल्यावर मी पहिल्यांदा तुमचा सातबारा काढून हातात दिला. आता कुठं जायचं नाही, म्हटलं. तुम्ही कागद उलटसुलट पाहिलात. "सही न्हाई ह्याच्यावं. पौडला जायाच लागंल." पुढे तलाठीच अधूनमधून गावात बसायला लागला. मी सही आणली, तर तुम्हाला शिक्का फिका दिसला! लाइटबिल झालं, रेशनकार्ड झालं. मी एकेक काम गावात आणत गेले आणि तुम्ही एकेक नवं काढत गेलात.

मग एकदा मीच त्या एसटीनं निघाले. कंडक्टर म्हणाला, "आज आबा न्हाई आलं? त्यांचं पिरंगुटचं तिकीट ठरल्यालं असतंय."

पौडचं नाही, पिरंगुटचं. म्हणजे ताईकडे. तिला तेव्हा मूल नव्हतं, म्हणून रीतीप्रमाणे तुम्ही तिच्या घरचं पाणीसुद्धा घेत नव्हता. मी भरलेली बाटली तिच्या ओट्यावर बसून प्यायचात, आणि बाप लेकीकडे उगाच आला असं कुणी म्हणू नये म्हणून सातबाऱ्याची पिशवी काखेत. मला ताईचा इतका हेवा वाटला की पुढच्या खेपेला मी बाटली भरलीच नाही. तुम्ही ती स्वतः भरलीत आणि निघालात.

मी घरातच होते. माझ्यासाठी कशाला कुणी सबब शोधेल? आणि माझं लग्न झालं ते तुम्ही गेल्यावर. आता इथं बिलं घरबसल्या भरली जातात, सातबाराही पडद्यावर दिसतो. तुमच्या जागी आम्हा दोघींची नावं लागलीत. ताईचं वर आहे.

हे मी कुणाला दाखवणार नाही, ताईला तर नाहीच. फक्त एक सांगते. काल जावेचे वडील निघाले तेव्हा त्यांची बाटली मी भरून दिली. जाऊ आत होती. मी हळूच विचारलं, "आता पौडला पुन्हा कधी काम?"