इमेज बर्न करा

शुक्रवार, ९ ऑक्टोबर २००९

स्वातंत्र्यदिन. सुट्टी. बाकीचा स्टाफ परेड बघत भाजलेली कणसं खात असेल. मी घरी बसून शाळेचा विचार केला. कुणीतरी करायला हवा.

कॉम्प्युटर रूममधल्या सोळाही मशीनमध्ये व्हायरस. बावीस तारखेला, गुरुवारी, एकतीस मुलींची बोर्डाची प्रॅक्टिकल. मशीन चालली नाहीत तर एकतीस जणी नापास. त्यात आमची मुलगी खाइन्झाही.

उपाय माझ्याकडे आहे. जुनं सगळं पुसायचं आणि उबुंटू टाकायचं. फुकट मिळणारी सिस्टिम. बोर्डालाही चालते. नावाचा अर्थ म्हणे माणुसकी, त्यामुळे मला जरा संशय आहे. पण एक संधी देऊ.

राजधानीहून, कंपालाहून पेन ड्राइव्ह आलाय. त्यात एक मोठी फाईल आणि सूचनांचं अर्धं पान. ही फाईल सीडीवर चढवायची, सीडी मशीनमध्ये घालायची, मशीन सीडीवरूनच सुरू होतं आणि नवी सिस्टिम बसवून घेतं. शेंबडं पोरही करेल.

संकल्प: १. चाळीस सीडी स्वतः बनवणे. सोळा आपल्या, चोवीस जिल्ह्यातल्या मागासलेल्या शाळांना. २. टायपिंगच्या मॅडम नाम्बोझोंना जवळ फिरकू न देणे. ३. चिडायचं नाही.

सोमवार, १२ ऑक्टोबर. सकाळी १०

हेडमिस्ट्रेस मिसेस वेपुखुलूंना सांगितलं, आजपासून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर सीडी बर्न करणार. त्या खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, मिस्टर वामोनो, गेल्या वर्षी डॉर्मिटरीला आग लागली होती, विसरलात का? जे काय जाळायचंय ते मैदानात जाळा.

एम.ए. झालेली बाई. मी समजावलं. लेझर, सूक्ष्म, धूर नाही. मान हलवली आणि गेल्या.

११.३०: माझ्या खुर्चीशेजारी वाळूने भरलेली बादली येऊन बसलीय. स्टाफरूममध्ये हसतायत. चिडलो नाही.

मंगळवार, १३ ऑक्टोबर

सूचना फक्त तीन.

एक, फाईल कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. घेतली.

दोन, सीडीवर इमेज बर्न करा. इथे मी थांबलो. कसली इमेज ते लिहिलेलं नाही. कंपालाच्या लोकांना पूर्ण वाक्य लिहायला वेळ नसतो. मग लक्षात आलं, सीडीच्या वरच्या बाजूला काहीतरी चित्र हवं ना. कोरी सीडी कोण विचारतो? आणि ज्याने बनवली त्याची इमेज सोडून दुसऱ्या कुणाची टाकणार?

बाजारातल्या स्टुडिओत सूट घालून फोटो काढला. चाळीस गोल स्टिकर उद्या मिळतील. खाली नाव: विल्बरफोर्स वामोनो, कॉम्प्युटर विभागप्रमुख.

तीन, एक सीडी चालवून पाहा, मगच पुढच्या करा. ही सूचना नवशिक्यांसाठी.

गुरुवार, १५ ऑक्टोबर. दुपारी ४

झाल्या. चाळीसच्या चाळीस. माऊसने फाईल उचलायची, सीडीवर सोडायची, सात मिनिटं. नाम्बोझो मॅडम आठवडाभर घाबरवत होत्या की काहीतरी चुकेल. एकही चुकली नाही. प्रत्येक उघडून पाहिली, प्रत्येकीत ती फाईल अगदी ठळक बसलीय.

तुलनेसाठी मॅडमची टायपिंग शिकवायची सीडी उघडली. अरे देवा. फोल्डरात फोल्डर, शेकडो बारीकसारीक फायली, नुसता भाजीबाजार. माझ्या सीडीवर एक फाईल. स्वच्छ.

मॅडम डोकावल्या. माझा फोटो बघून म्हणाल्या, मास्तर, निवडणुकीला उभे राहताय का? स्टाफरूममधल्या दोन बायका खो खो हसल्या. मग म्हणाल्या, एक चालवून बघितलीत? मी म्हटलं, मॅडम, तुम्ही टायपिंग बघा.

शुक्रवार, १६ ऑक्टोबर

आज धडाकेबाज काम. सोळाही मशीन पुसून काढली. जुनी सिस्टिम, व्हायरस, मुलींचे निबंध, सगळं साफ. शेत नांगरून ठेवलं, सोमवारी पेरणी.

घरी जेवताना (बांबूच्या कोंबांची भाजी, दाण्याचा रस्सा, चव उत्तम) खाइन्झाने विचारलं, पापा, पुसायच्या आधी एक सीडी लावून बघितली ना? सोळा वर्षांची मुलगी. बापाला. नाम्बोझो मॅडमच्या वर्गात बसवल्याचे परिणाम. तिला सांगितलं, तू आपला अभ्यास कर. म्हणाली, कशावर करू? मशीन तर पुसलीत तुम्ही.

मी आणखी रस्सा वाढून घेतला.

सोमवार, १९ ऑक्टोबर

८.१५: पहिल्या मशीनमध्ये सीडी घातली. काळा पडदा, पांढरी अक्षरं. ऑपरेटिंग सिस्टिम सापडली नाही म्हणे. मशीन जुनं आहे.

८.४०: दुसरं. तेच. धूळ.

९.३०: सात मशीन, तेच वाक्य. विजेचा दाब कमी असणार.

११: जनरेटर लावला. तेच. सीडी उलटी घालून पाहिली. माझा चेहरा आत, चकचकीत बाजू वर. तेच.

२.००: मॅडम दारात उभ्या. सेंट लावून आल्या होत्या. तो वाफारा यंत्राच्या आत जातो हे सिद्ध झालंय, निदान मी कुठेतरी वाचलंय. दार लावून घेतलं.

मंगळवार, २० ऑक्टोबर

सोळापैकी सोळा बंद. बाहेर व्हरांड्यात मुली रांगेने बसून कागदावर काढलेल्या कीबोर्डवर बोटं चालवतायत. ही कल्पना टायपिंगवाल्या बाईचीच असणार. खाइन्झाही त्यात होती. माझ्याकडे बघितलं नाही.

हेडमिस्ट्रेस म्हणाल्या, मिस्टर वामोनो, परवा परीक्षा. मी म्हटलं, मॅडम, मशीनच खराब आहेत. त्या म्हणाल्या, गेल्या गुरुवारी चालत होती. मी म्हटलं, तेव्हा व्हायरसमुळे चालत होती.

हे वाक्य बोलून झाल्यावर मलाही नीट कळलं नाही. पण मागे घेतलं नाही.

घरी मुलगी जेवली नाही. भीती वाटतेय, हे इथे लिहायला हरकत नाही.

बुधवार, २१ ऑक्टोबर

सकाळी आठला मॅडम नाम्बोझो सरळ आत आल्या. विचारलंही नाही. माझी एक सीडी ऑफिसच्या मशीनमध्ये उघडली. ती एकुलती एक फाईल बघितली आणि माझ्या खुर्चीत बसल्या. ते मला आवडलं नाही.

मग म्हणाल्या, मास्तर, पोशो करायला मक्याच्या पिठाची पिशवी तोंड शिवलेली तशीच पातेल्यात टाकलीत, आणि आता तीन दिवस ढवळताय. पीठ बाहेर काढायचं असतं. ही फाईल म्हणजे नुसती पिशवी. तिलाच इमेज म्हणतात. प्रोग्रॅममध्ये ‘इमेज बर्न करा’ असं बटण असतं, ते दाबलं की प्रोग्रॅम पिशवीतलं सगळं नीट सीडीवर मांडतो.

मी म्हटलं, इमेज तर टाकलीय. सीडी पालथी करून दाखवली.

माझ्या फोटोकडे बघून त्या हसल्या नाहीत. तेच जास्त लागलं. नुसतं म्हणाल्या, कोरी सीडी द्या एक.

कोरी नव्हती. एकदा लिहिलेल्या सीडीवर पुन्हा लिहिता येत नाही. चाळीस मी संपवल्या. बाजारात गेलो, दुकानदार म्हणाला, शेवटच्या चाळीस तुम्हीच तर नेल्या ना?

परत आलो तर मॅडमनी चर्चच्या गाण्यांसाठी राखलेली एक सीडी पर्समधून काढली होती. एक. बटण दाबलं. मी मुद्दाम त्यांच्यानंतर उघडून बघितली. फोल्डरात फोल्डर, शेकडो बारीक फायली. भाजीबाजार.

पहिलं मशीन सुरू झालं. मुली ओरडल्या. मग तीच सीडी दुसऱ्यात, तिसऱ्यात, प्रत्येकी पंचवीस मिनिटं. साडेपाचपर्यंत सोळाही उभी. खाइन्झा मॅडमच्या मागे मागे, हातात सीडी रुमालावर धरून. मी बादलीपाशी बसून होतो. वाळू चांगली आहे, बारीक.

गुरुवार, २२ ऑक्टोबर

परीक्षा झाली. दोन पाळ्यांत एकतीसही बसल्या. खाइन्झा घरी येऊन दोन वाट्या कच्च्या केळ्यांचं मटोके जेवली. सोपी गेली म्हणाली. पाचर काढल्यासारखं मोकळं वाटलं.

माझ्या नियोजनाचं यश. मशीन रिकामी केली नसती तर मॅडमनी सिस्टिम टाकली कुठे असती?

शुक्रवार, २३ ऑक्टोबर

हेडमिस्ट्रेसनी बोलावलं. कॉम्प्युटर रूमची किल्ली मागितली. मी ती टेबलावर ठेवली, त्यांनी ती मॅडम नाम्बोझोंसमोर सरकवली. मला म्हणाल्या, मिस्टर वामोनो, तुमची मेहनत वाया घालवायची नाही. शाळेच्या शेताकडे कुणीतरी हवंय. नाचणी भरत आलीय, पाखरं फार झालीत.

शेत तर शेत. आणि कल्पना मला लगेच सुचली. चकचकीत वस्तूला पाखरं भितात, हे सगळ्या जगाला माहीत आहे. माझ्याकडे चाळीस आहेत.

सोमवार, २६ ऑक्टोबर

सकाळभर खपून चाळीसही सीडी शेतात टांगल्या. काठ्या, दोऱ्या, सरळ ओळी. वानाले डोंगराकडून वारा आला की सगळ्या एकदम फिरतात. एकदा आरसा, एकदा मी सुटातला. मुली कुंपणाशी उभ्या राहून बघत होत्या. मी हात केला.

१२.००: पाखरं आली.

१२.१०: सुगरणींचा थवा. एक दोरीवर बसली, खाली वाकून माझ्या फोटोकडे नीट बघितलं, मग दाणे टिपायला लागली. बाकीच्यांनी तेवढाही वेळ घालवला नाही.

२.००: हेडमिस्ट्रेस येऊन बघून गेल्या. शिपायाकडून पत्र्याचा डबा आणि काठी पाठवलीय. उद्यापासून सकाळ-संध्याकाळ डबा वाजवत मीच हिंडायचं.

४.३०: घरी जाताना खाइन्झा कुंपणाशी थांबली. सगळ्या ओळी बघितल्या. म्हणाली, पापा, सगळ्या टांगायच्या आधी एक टांगून बघितली होती ना?

डबा वाजवायला घेतला.